सोलापूरकर मित्रमंडळींसाठी : परवडणारं जपानी जेवण, पहिल्या फोनपासून पार्सलपर्यंत

जपानी जेवण महाग असतं हे अर्धंच खरं आहे. महाग असतो तो कच्चा मासा. तो समुद्रापासून हॉटेलपर्यंत सलग थंडीत आणावा लागतो, कापणारा हात तयार लागतो आणि उरला तर दुसऱ्या दिवशी खपवता येत नाही. पण जपानमधला ऑफिसात जाणारा माणूस काही रोज दुपारी सुशी, म्हणजे भातासोबतचे कच्च्या माशाचे घास, खात नाही. तो भातावर चिकन नाहीतर भाजी घातलेला वाडगा घेतो, रामेन, म्हणजे गरम रश्श्यातले नूडल्स, खातो, करी-राइस खातो, किंवा भात, सूप, लोणचं आणि एक मुख्य पदार्थ असं ताट मागवतो. मेन्यूच्या या भागातून ऑर्डर दिली की सहा मित्र पोटभर जेवतात आणि बिल आवाक्यात राहतं.

हे सगळं लिहितोय ते अशाच एका ग्रुपसाठी. पाच-सहा जण, सगळे सोलापुरात राहणारे, त्यातले निम्मे शाकाहारी, एकाला तिखटाशिवाय घास उतरत नाही, आणि प्रत्येकाचा खिसा वेगळा. अशा ग्रुपने जायच्या आधीच चार गोष्टी ठरवल्या तर मजा येते. टेबलावर बसून मेन्यू उघडला आणि मग चर्चा सुरू केली, तर हमखास चुकीचं आणि महागाचं मागवलं जातं.

कुठे आणि कधी

सोलापुरात एखाद्या कॅफेच्या मेन्यूवर सुशी किंवा रामेन दिसलं, तर जरूर जा, पण शिजवलेलंच मागवा. दहा प्रकारचं जेवण देणाऱ्या ठिकाणी कच्च्या माशाचा खप किती असणार? खप नसेल तर मासा किती दिवस फ्रीजमध्ये पडून असेल, हा प्रश्न स्वतःलाच विचारायचा.

खास जपानी जेवणासाठी मात्र पुणं गाठावं. चाकण-रांजणगाव पट्ट्यात जपानी कंपन्या आहेत, तिथे कामाला आलेली जपानी माणसं आहेत, आणि पुण्यात जपानी भाषा शिकणाऱ्यांचीही मोठी परंपरा आहे. ज्या हॉटेलात ही मंडळी नेहमी जेवायला जातात, ते शोधा. अशा ठिकाणी सजावट साधी असते, मेन्यूवर भाताचे वाडगे आणि दुपारची ताटं असतात, आणि भाव मॉलमधल्या चकचकीत सुशी बारपेक्षा बरे असतात. इंटरनेटवर फोटो बघताना सुशीचे फोटो सोडा, लोकांनी टाकलेले मेन्यूकार्डाचे फोटो बघा. ते जुने असू शकतात, तेव्हा तारीखही बघा.

जेवण दुपारचं ठेवा. सकाळी लवकर सोलापुरातून सुटणारी हुतात्मा किंवा वंदे भारत पकडली की साधारण चार तासांच्या आत पुण्यात पोचता येतं आणि संध्याकाळच्या गाडीने रात्री घरी येता येतं. मुक्कामाचा खर्च वाचतो. शिवाय अनेक जपानी हॉटेलांत दुपारचं ताट वेगळ्या, कमी दरात मिळतं. रात्री तोच पदार्थ सुटा घ्यावा लागतो. साडेबाराला टेबलावर असावं. बरीच ठिकाणं तीनच्या सुमाराला बंद होऊन संध्याकाळी पुन्हा उघडतात, म्हणून शेवटची ऑर्डर किती वाजता घेतात हे फोनवरच विचारून ठेवा.

तारीख ठरवताना पंचांग उघडा. श्रावण, मार्गशीर्षातले गुरुवार, कुणाची संकष्टी, कुणाचा शनिवार. आषाढी-कार्तिकीच्या आसपास कुर्डुवाडीपर्यंत गाड्यांना गर्दी असते, ते दिवस टाळा. गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत निम्म्यांच्या घरी पाहुणे असतात.

बजेट आधी, मेन्यू नंतर

माणशी किती, हा आकडा ग्रुपवर मोकळेपणाने ठरवा. ज्याचं बजेट सगळ्यात कमी, त्याचा आकडा सगळ्यांचा. मित्राला बिलाच्या वेळी अवघडल्यासारखं होऊ नये, यासाठी एवढं करायलाच हवं.

समजा माणशी ९०० रुपये ठरले. सहा जणांचे ५,४०० झाले. पण मेन्यूवरच्या भावात बहुतेक वेळा कर धरलेला नसतो. साध्या रेस्टॉरंटमध्ये जीएसटी ५ टक्के लागतो. मोठ्या तारांकित हॉटेलाच्या आतल्या रेस्टॉरंटमध्ये तो १८ टक्के असू शकतो, म्हणून तिकडे जाऊच नका. ५,४०० ला १.०५ ने भागलं की ५,१४२ येतात. म्हणजे मेन्यूवरच्या भावांची बेरीज ५,१०० च्या आत ठेवायची. हा आकडा एकाने मोबाइलवर लिहून घ्यावा आणि ऑर्डर देताना त्यानेच बेरीज करत बसावं. हिशेबाला पक्का असा एक जण प्रत्येक ग्रुपमध्ये असतोच.

शाकाहाराचा प्रश्न फोनवरच मिटवा

या भागावर मी जरा जास्त रेंगाळणार आहे, कारण जपानी हॉटेलात सगळ्यात जास्त फसगत इथे होते. वरून पूर्ण शाकाहारी दिसणाऱ्या पदार्थात मासा असतो, आणि तो डोळ्यांना दिसत नाही.

जपानी स्वयंपाकाचा पाया म्हणजे दाशी नावाचं पातळ सार. ते साधारणपणे दोन गोष्टींपासून करतात : कोंबू हे समुद्री शेवाळ, आणि बोनिटो माशाचे वाळवून, धूर देऊन केलेले पातळ काप. या सारात मिसो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा लगदा, घालून मिसो सूप होतं, उदोन नूडल्सचा रस्सा होतो, टेम्पुरासोबतची, म्हणजे पातळ पिठात बुडवून तळलेल्या भजीसारख्या पदार्थासोबतची, वाटीतली चटणी होते, तळलेल्या टोफूवर (सोयाबीनच्या पनीरवर) ओततात तेही तेच. त्यामुळे मिसो सूपमध्ये फक्त टोफू आणि कांद्याची पात तरंगत असली, तरी ते शाकाहारी आहे असं धरू नका. नुसत्या कोंबूची किंवा शिताके मशरूमची दाशी असेल तर ते शाकाहारी, नाहीतर नाही.

आणखी काही जागा लक्षात ठेवा. व्हेज रामेनमध्ये भाज्या वर रचलेल्या असतात, पण खालचा रस्सा कोंबडीच्या किंवा डुकराच्या हाडांचा असू शकतो. तोंकोत्सु म्हणजे तर डुकराच्या हाडांचाच रस्सा. जपानी करी ज्या तयार वड्यांपासून करतात, त्यातल्या काहींत प्राण्यांची चरबी असते. भातावर भुरभुरवतात त्या फुरिकाकेत माशाचे काप असू शकतात. ओकोनोमियाकी या कोबीच्या जाड धिरड्यावर हलणारे तपकिरी पापुद्रे दिसतात, ते बोनिटोचे. सुशीच्या रोलमध्ये, म्हणजे शेवाळात गुंडाळलेल्या भाताच्या वळकटीत, लाल-पांढरी ‘खेकड्याची’ कांडी असते, ती माशाच्या लगद्याची असते आणि तिच्यात बहुतेक वेळा अंड्याचा पांढरा भागही असतो. मेयोनीजमध्ये अंडं. पारंपरिक ग्योझात, म्हणजे मोमोसारख्या करंजीत, डुकराचं मांस आणि कोबी असतो. आपल्याकडे चिकनचे आणि भाजीचेही मिळतात, पण विचारल्याशिवाय घेऊ नका.

फोन करायचा तो आदल्या दिवशी, दुपारी चारच्या सुमाराला, किचनला जरा उसंत असते तेव्हा. बोलणं साधारण असं असावं :

‘नमस्कार. उद्या दुपारी साडेबाराला आम्ही सहा जण येतोय. तिघं शुद्ध शाकाहारी आहेत, मासा आणि अंडंही चालत नाही. तुमच्या मिसो सूपची दाशी कशाची आहे? व्हेज रामेनचा रस्सा वेगळा शिजतो का? करीच्या वड्यांत चरबी आहे का? व्हेज टेम्पुरा कोळंबीच्याच तेलात तळता का?’

समोरचा माणूस न अडखळता उत्तरं देत असेल, तर जागा चांगली. ‘हो हो, सगळं व्हेज आहे’ एवढंच ऐकू आलं, तर ‘जरा शेफना विचारून सांगता का? मी थांबतो’ असं शांतपणे म्हणा. घरात कांदा-लसूणही न खाणारं कुणी सोबत येणार असेल, तर त्या माणसासाठी काकडीचा किंवा अवोकाडोचा रोल, साधा भात आणि एदामामे, म्हणजे मीठ लावून उकडलेल्या सोयाबीनच्या कोवळ्या शेंगा, एवढं ठरवून ठेवा. मिरिन आणि साके ही मद्यं सॉसमध्ये वापरतात. ज्याला ती अजिबात चालत नाहीत, त्याच्यासाठी तेही विचारा.

शेंगदाण्यांवर सराव

काड्यांनी जेवायलाच हवं असं नाही, चमचा मागितला तर कुणी नाक मुरडत नाही. पण सराव केला तर जेवणाची रंगत वाढते, आणि सरावाचं सामान सोलापुरात घरोघरी आहे.

एक काडी अंगठा आणि तर्जनी यांच्या बेचक्यात ठेवा आणि तिचा पुढचा भाग अनामिकेवर टेकवा. ही काडी शेवटपर्यंत हलवायची नाही. दुसरी काडी पेन धरतो तशी, अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट यांच्यात धरा. हलते ती हीच. दोन्हींची टोकं टेबलावर टेकवून एकसारखी करून घ्या. हात टोकापासून लांब, वरच्या एक तृतीयांश भागाजवळ असू द्या; नवखा माणूस खाली खाली धरत जातो आणि मग टोकं उघडतच नाहीत. आधी कापसाचे बोळे उचला, मग शेंगा, मग भाजलेले शेंगदाणे. सालासकट शेंगदाणा उचलता आला की सुशी, ग्योझा, टेम्पुरा सगळं जमतं. संध्याकाळी कट्ट्यावर बसून हे करायला घ्या, अर्धा ग्रुप तिथेच तयार होतो.

ऑर्डर कशी बांधायची

सूत्र असं : माणशी एक पोट भरणारा पदार्थ, आणि मध्ये चार-पाच छोट्या प्लेटा सगळ्यांत. फक्त छोट्या प्लेटा मागवत गेलात तर बिल फुगतं आणि पोट रिकामंच राहतं.

खालचे भाव हिशेब कळावा म्हणून धरलेत, तुमच्या मेन्यूचे त्या जागी घाला. दोन रामेन, एक व्हेज आणि एक चिकन, ४८० प्रमाणे ९६०. चिकन कात्सु करी, म्हणजे कुरकुरीत तळलेलं चिकन आणि करी, ५२०. भाजीची किंवा टोफूची करी ४५०. भातावर तेरियाकी चिकन, म्हणजे गोडसर सोया सॉस लावलेलं, ४८०. व्हेज याकिसोबा, म्हणजे परतलेले नूडल्स, ४२०. हे सहा जणांचे सहा झाले. मग मध्ये व्हेज ग्योझा ३२०, चिकन ग्योझा ३५०, व्हेज टेम्पुरा ४२०, अवोकाडो रोल ४००, एदामामे २५०. बेरीज ४,५७०. उरले ५३०, त्यात एक प्लेट सामन नीगिरी, म्हणजे भाताच्या छोट्या गोळ्यावर सामन माशाचा काप, ज्यांना कच्चा मासा चाखायचाय त्यांच्यासाठी. एकूण ५,१००.

नग विचारून घ्या. बारीक रोलचे सहसा सहा तुकडे येतात, जाड रोलचे आठ, ग्योझा पाच किंवा सहा. सहा जणांत पाच ग्योझा आले की कुणीतरी ‘मला नको’ म्हणतं आणि उपाशी बघत बसतं, ते टाळा.

रामेन वाटून खायचा पदार्थ नाही. नूडल्स गरम रश्श्यात फुगत राहतात, दहा मिनिटांत मऊ पडतात. वाडगा आला की फोटो एकच, आणि लगेच सुरुवात. बाकीच्यांची ताटं यायची वाट बघायची नाही. जपानी हॉटेलात जे तयार होईल ते आधी येतं, सगळं एकदम येत नाही. रामेन घेणाऱ्या दोघांना आधीच सांगून ठेवा की तुम्ही थांबू नका रे.

ज्याला तिखट लागतं त्याने करी घ्यावी. जपानमध्ये करी पोचली ती इंग्रजांमार्फत, एकोणिसाव्या शतकात, म्हणून ती पिठाने दाट केलेली आणि गोडसर असते. भारतीय धाटणीची करी टोकियोत लोकप्रिय झाली ती पुढे, १९२७ साली, शिंजुकूच्या नाकामुराया या दुकानात, आणि तिच्यामागे होते तिथे आश्रय घेतलेले आपले क्रांतिकारक रासबिहारी बोस. करीचा तिखटपणा अनेक ठिकाणी वाढवून मिळतो. शिवाय शिचिमी मागा. तिखट, तीळ, संत्र्याची साल वगैरे सात जिनसांची ती कोरडी पूड असते. मिरचीचं तेलही मिळतं. शेंगाचटणीची पुडी खिशातून काढायचा मोह होईल, पण पहिले चार घोट तरी सूप तसंच प्या. या रश्श्यातली चव जिभेवर हळूहळू पसरते. कोंबूच्या साराला ती चव कशामुळे येते, हे जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ साली शोधलं आणि तिला उमामी असं नाव दिलं. तिखटाखाली ती दबून जाते.

कच्चा मासा खायचा का?

‘काय बे, कच्चं मासं खायचं व्हय?’ हा प्रश्न टेबलावर येणारच. उत्तर असं : चांगल्या ठिकाणी, थोडा, आणि ज्याची इच्छा आहे त्यानेच.

कच्च्या माशातल्या कृमींचा धोका गोठवल्याने जातो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या मार्गदर्शनानुसार उणे २० अंशाला ७ दिवस ठेवलं की परजीवी मरतात. म्हणून ‘मासा आधी गोठवलेला आहे ना?’ हे विचारण्यात कमीपणा नाही. ‘हो’ हेच चांगलं उत्तर आहे. व्हिनेगर, वसाबी किंवा मद्य यांनी हे काम होत नाही. गरोदर बाई, लहान मुलं, वयस्कर माणसं, आणि आजारामुळे प्रतिकारशक्ती कमी झालेल्यांनी कच्चा मासा टाळावा.

आणि एक कळकळीची सूचना. परत आल्यावर हुरूप येऊन उजनीचा मासा घरी कच्चा खायचा प्रयोग करू नका. गोड्या पाण्यातल्या माशांत माणसाला बाधणारे परजीवी असू शकतात. आपली चिलापी तव्यावरच बरी.

टेबलावर

आधी गरम किंवा गार ओला टॉवेल येतो. तो हात पुसायला. तोंड आणि मान पुसू नका, आणि झाल्यावर घडी करून बाजूला ठेवा. टॉवेलच्या गावच्या माणसाला याहून जास्त सांगायला नको.

लाकडी काड्या जोडलेल्या येतात, त्या सोडवून एकमेकींवर घासू नका. काड्या भातात उभ्या खोचू नका आणि एकाच्या काडीवरून दुसऱ्याच्या काडीवर घास देऊ नका. पहिली गोष्ट तिथे मृतासमोर ठेवलेल्या भातात करतात, दुसरी दहनानंतर अस्थी उचलताना. जेवणाच्या ताटात पिंड मांडलेला दिसला तर आपल्याला जसं वाटेल, तसंच त्यांना ते वाटतं. मित्राला द्यायचं असेल तर त्याच्या ताटलीत ठेवा.

नीगिरी हाताने खाल्ली तरी चालते. ती उलटी करून माशाची बाजू सोया सॉसला हलकी टेकवा. भात बुडवलात तर तो सॉस पिऊन फुटतो आणि चव खारट होते. एका घासात खा. बाजूला ठेवलेलं गुलाबी-पिवळं आलं दोन तुकड्यांच्या मध्ये तोंड साफ करायला असतं. हिरवा वसाबी बोटाच्या नखाएवढाच. तो घशापेक्षा नाकात झणझणतो, आणि चटणीसारखा मोठा घास घेणाऱ्याच्या डोळ्यांतून पाणी येतं.

सोया सॉस वाटीत थोडाच ओता. एका मोठ्या चमच्यात दोन ग्रॅमच्या वर मीठ असतं आणि जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमच्या आत सांगते. रक्तदाब असलेल्याने रामेनचा रस्साही वाडग्यात सोडावा. सोया सॉसमध्ये सहसा गहू असतो, गव्हाची अ‍ॅलर्जी असलेल्याला हे माहीत हवं.

नूडल्स ओढताना आवाज झाला तर होऊ द्या, तिथे तीच रीत आहे. पाणी साधं मागा, आणि ग्रीन टी पुन्हा भरून देतात का, त्याचे वेगळे पैसे लागतात का, हे पहिल्या कपाच्या आधी विचारा.

बिल

बिलावर आधी नग तपासा, मग भाव, मग कर. ‘सर्व्हिस चार्ज’ अशी ओळ असेल तर ती काढायला सांगता येते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये तसे नियम केले आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ते कायम ठेवले. आवाज न चढवता सांगा. नाहीच ऐकलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. वाढणाऱ्या पोराने मनापासून केलं असेल, तर टीप त्याच्या हातात द्या.

वाटणी करताना सगळं समान नको. वरच्या उदाहरणात नीगिरी सोडून ४,५७० आणि कर मिळून ४,७९८ रुपये ५० पैसे होतात. माणशी ८०० धरा. नीगिरीचे करासह ५५६ रुपये ५० पैसे खाणाऱ्या दोघांनी वाटून घ्यायचे, प्रत्येकी २७८ च्या आसपास. कुणी साके किंवा बिअर घेतली तर ती त्याच्या खात्यावर. पैसे एकाने भरावेत आणि बाकीच्यांनी टेबलावरून उठायच्या आधी यूपीआयने पाठवून द्यावेत. गाडीत बसल्यावर ‘नंतर देतो’ सुरू होतं.

पार्सल

घरच्यांसाठी काहीतरी न्यावंसं वाटतं. सुशी मात्र नेऊ नका, व्हेज रोलही नाही. शिजवलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एक तासच, असा नियम आहे. सोलापूरची गाडीच चार तासांची, आणि एप्रिल-मेमध्ये आपल्याकडचा पारा चाळिशी ओलांडतो. न्यायचंच असेल तर कोरडं न्या : भाताच्या कुरकुरीत क्रॅकर्सचं पाकीट, ग्रीन टी, शिचिमीची छोटी बाटली. पाकिटावरची शाकाहारी-मांसाहारी खूण दुकानातच बघून घ्या, कारण अशा क्रॅकर्समध्येही कोळंबीची पूड असू शकते.